‘काही नाही गं’ म्हणणाऱ्यांचं ऐकताना

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पंचवटी, जुनं नाशिक, इंदिरानगर, नाशिकरोड असा स्कूटरवरून दिवसभराचा फेरा असतो. माझे बहुतेक पेशंट वयस्कर, घराबाहेर पडणं अवघड झालेले. त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. या कामात मी सगळ्यात जास्त वेळा विचारते तो प्रश्न म्हणजे ‘दुखतंय का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा मिळतं ते उत्तर, ‘काही नाही गं.’

असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. मुलाची निघायची घाई, सुनेचा डबा भरायचा राहिलाय, नातवाची रिक्षा खाली येऊन थांबलीय, त्यात आपल्या गुडघ्याचं पुराण कुठे लावायचं, असा त्यांचा विचार असतो. काहींनी दुखणं इतकी वर्षं अंगावर काढलेलं असतं की ते कुणाला सांगायचं असतं हेच त्यांच्या मनात येत नाही. म्हणून उत्तर ऐकून घ्यायचं, त्याचा मान ठेवायचा आणि मग बाकीचं अंग काय म्हणतंय ते बघायचं, हे मी या घरांमधूनच शिकले.

सुरुवात मी भिंतीपासून करते. पलंगापासून बाथरूमकडे जाणाऱ्या भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, हाताच्या तेला-घामाचा एक मळकट पट्टा उमटलेला असतो. ‘मी कशालाही न धरता चालते हो,’ असं काकू अभिमानानं सांगतात आणि तो पट्टा त्यांच्या मागेच दिसत असतो. तो सगळीकडे सारखा नसतो. वळणावर आणि उंबऱ्यापाशी गडद होतो. जिथे गडद, तिथे तोल जातोय. धरायचा पहिला दांडा मी तिथेच बसवायला सांगते, बाथरूमच्या आत नंतर. मग चपला बघते. एकाच चपलेची टाच जास्त झिजली असेल तर वजन कोणत्या पायावर टाकलं जातंय ते कळतं. खुर्चीतून उठताना माणूस दोन्ही हात मांड्यांवर दाबतो का, उठण्याआधी एकदा मागे-पुढे झोका घेतो का, कोणता पाय आधी मागे ओढून घेतो, हेही. हे सगळं दोन-चार मिनिटांत, चहा नको-हवा चालू असताना होऊन जातं.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात भरवशाची खूण श्वासाची. खांदा वर नेताना आजोबा माझ्याशी द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत असतात आणि एका ठरावीक उंचीला वाक्य मध्येच तुटतं. चेहरा तसाच, बोलण्याचा आव तसाच, फक्त श्वास थांबलेला. मी तिथे हात थांबवते आणि विचारते, ‘इथे का?’ तेव्हा मात्र ‘हो, इथेच जरा’ असं येतं. नुसत्या ‘दुखतंय का?’ला जे उत्तर मिळालं नव्हतं ते ‘इथे का?’ला मिळतं, कारण आता सांगण्याचं ओझं त्यांच्यावर उरलेलं नसतं. मी आधीच पाहिलेलं असतं.

वेदनेचा चेहरा कसा असतो यावर बारकाईनं अभ्यास झालेला आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ केनेथ प्रकाचिन यांनी १९९२ मध्ये विजेचा झटका, थंडी, दाब आणि रक्तपुरवठा अडवणं अशा चार वेगवेगळ्या प्रकारांनी होणाऱ्या वेदनेत चेहरा काय करतो ते तपासलं. चार हालचाली पुन्हा पुन्हा दिसल्या: भुवया खाली येतात, डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, नाक आक्रसतं किंवा वरचा ओठ उचलला जातो आणि डोळे मिटतात. हे मी वाचलं तेव्हा मला पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातल्या आजी आठवल्या. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. ‘कुठे दुखतं?’ हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. अंघोळ घालणाऱ्या बाईला त्या चावायच्या, ओरडायच्या. घरातले म्हणायचे, ‘आधीपासूनच हट्टी, आता जास्तच.’ मी त्यांना कुशीवर वळवून बघितलं. डावीकडे वळताना शांत. उजवीकडे वळवलं की भुवया एकदम खाली, मूठ घट्ट, आणि वळवणं पूर्ण व्हायच्या आतच ओरडणं सुरू. दोन्हीकडे हट्ट सारखा असायला हवा होता, नाही का?

बोलू न शकणाऱ्या अशा रुग्णांसाठी २००३ मध्ये एक सोपी मोजपट्टी तयार झाली. श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजूत घातल्यावर माणूस निवतो का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे, म्हणजे एकूण ० ते १०. मी ती एका कागदावर मराठीत लिहून त्या वाड्यातल्या सूनबाईंना दिली. चार दिवसांची नोंद घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलेला निघाला. डॉक्टरांनी अंघोळीच्या आधी घ्यायला साधी पॅरासिटामॉल लिहून दिली, आम्ही वळवण्याची पद्धत बदलली आणि चावणं जवळजवळ बंद झालं. नॉर्वेत बेटिना हुसेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५२ रुग्णांवर असाच अभ्यास केला होता, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांच्या वेदनेवर पायरीपायरीनं उपचार केले तर त्यांची चिडचिड आणि आक्रमकपणा लक्षणीय कमी होतो, असं त्यात दिसलं. ‘हट्टी’ म्हणून सोडून दिलेली किती आजी-आजोबा माणसं प्रत्यक्षात दुखतंय म्हणून ओरडत असतील, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

नाशिकच्याच सिडको भागात एक बाबा होते, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. हयातभर घोटीच्या बाजारात बैलांची दलाली केलेली. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की अनेकदा असं होतं. समोरच्याचं समजतं, मनात काय म्हणायचं ते असतं, पण शब्द हाताला लागत नाहीत. गंमत अशी की मुलानं हरिपाठाची पहिली ओळ म्हटली की पुढच्या दोन-तीन ओळी बाबांच्या तोंडून सरळ बाहेर पडायच्या. आयुष्यभर घोकलेलं, लयीत बसलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, त्यामुळे ते शिल्लक राहतं. पण ‘पाणी’ म्हणता यायचं नाही. आणि ‘हो’-‘नाही’चाही घोळ. तोंडानं ‘हो हो’ आणि हातानं नको नको. अशा वेळी मी हातावर विश्वास ठेवते.

दुखणं किती, हे विचारताना आम्ही ० ते १० आकडा मागतो. त्यांना आकडा म्हणता येईना. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं चित्र दाखवलं तर त्यांनी ते बाजूला सारलं, लहान मुलाला दाखवावं तसं ते होतं आणि त्यांना ते आवडलं नाही. मग एके दिवशी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डाव्या हातानं ओढला, माझ्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली माझी बोटं धरली. मला काही कळेना. मुलगा पटकन म्हणाला, ‘अहो ताई, बाबा सौदा करतायत!’

गुरांच्या बाजारात असा व्यवहार मुरलेला आहे. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. किती बोटं धरली त्यावर आकडा, आणि शेकडा की हजार ते बैल बघून दोघांनाही माहीत असतं. आजूबाजूच्या गर्दीला भाव कळत नाही. धान्याच्या व्यवहारातही पूर्वी ही रीत होती, पण शेतकऱ्यालाच आपला भाव कळायचा नाही म्हणून बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड्या लिलावाची सक्ती केली. आज लासलगावला कांद्याचा लिलाव ऐकलात तर सगळा भाव मोठ्यानं पुकारलेला असतो.

बाबांनी माझी तीन बोटं धरली होती. त्या दिवसापासून आमचं दुखण्याचं मोजमाप टॉवेलाखाली. पाच बोटांचंच माप, पण पुरेसं होतं. आकड्यापेक्षा मला त्यांच्या पकडीतून जास्त कळायचं. तीन बोटं सहज धरली आणि तीन बोटं जरा थांबून, चाचपडून धरली, यात फरक असायचा. थांबून धरली की मी व्यायाम कमी करायची. दुसरं म्हणजे त्यांचं बसणं बदललं. भाव सांगणारा माणूस जसा ताठ बसतो तसे ते बसायला लागले. फिजिओथेरपीत शरीराची ठेवण सुधारण्यासाठी आम्ही कितीतरी व्यायाम देतो, इथे ते काम एका टॉवेलानं केलं.

आता उलट बाजू. अंगाकडे बघा, चेहरा वाचा, असं मी म्हणते खरं, पण चेहरा गप्प होतो अशीही दुखणी आहेत. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं, त्यांच्याच नावावरून पुढे त्याला हे नाव पडलं. नाशिकरोडला, प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका माझे पेशंट आहेत. त्यांच्या पत्नी पहिल्या भेटीत मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, ‘यांना आता कशाचंच काही वाटत नाही. नातीचं लग्न ठरलं, तरी दगडासारखा चेहरा.’

मी त्यांना बाहेर आणलं आणि काकांसमोरच नातीचा विषय काढला. चेहरा खरंच हलला नाही. पण मांडीवरच्या उजव्या हाताची थरथर वाढली. कंपवातातली थरथर मनात खळबळ झाली की वाढते, मग ती खळबळ काळजीची असो की आनंदाची. ‘काका, लग्नाचा आनंद झालाय ना?’ असं विचारलं तर बारीक आवाजात, एकसुरी, पण लगेच उत्तर आलं, ‘खूप.’ काकू नुसत्या बघत राहिल्या. आता त्या चेहरा बघत नाहीत, हात बघतात, आणि मुख्य म्हणजे विचारतात. क्रिकेटची मॅच असली की तो हात काय नाचतो!

या एका गोष्टीमुळे मोबाईलवरच्या ‘देहबोली ओळखा’ छापाच्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. हाताची घडी घातली म्हणजे माणूस मनातून बंद आहे, नाकाला हात लावला म्हणजे खोटं बोलतोय, नजर चुकवली म्हणजे काहीतरी लपवतोय. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी अर्धं गाव हाताची घडी घालून उभं असतं, ते थंडीनं. खांदा आखडलेला माणूस दुखरा हात दुसऱ्या हातानं तोलून धरतो, तीही लांबून घडीच दिसते. माझ्या कितीतरी पेशंटच्या घरी सून सासऱ्यांशी बोलताना खाली बघते, तो त्या घराचा रिवाज आहे, लपवाछपवी नाही. आणि आपण मान डावी-उजवीकडे तिरकी डोलवतो ती ‘हो’, ‘ठीक आहे’, ‘बघू’, ‘ऐकतोय’ यांपैकी नेमकं काय, हे समोर काय चाललंय त्यावरच ठरतं.

खोटं ओळखण्याबद्दल चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये आधीच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवूनही ५० टक्के जमतं. त्याचप्रमाणे ‘९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो’ हे वाक्य प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतं. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून ते आकडे आले: शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. पण त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, एवढंच त्यातून जोखायचं होतं. हे आकडे सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. सिडकोच्या बाबांचे शब्द गेले तेव्हा त्यांच्या घरातलं काय काय गेलं ते मी पाहिलंय. ते ७ टक्के नव्हतं.

तरीही काही गोष्टी शरीर ठरवून करू शकत नाही, आणि त्या मी फार मोलाच्या मानते. १८६२ मध्ये फ्रान्सच्या ड्यूशेन या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन हसण्याचा अभ्यास केला. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदात साथ देतो, असं त्यांनी लिहिलं. पक्षाघाताच्या काही पेशंटमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. ‘हसून दाखवा’ म्हटलं की तोंड एका बाजूलाच जातं, आणि नात दारातून धावत आली की दोन्ही बाजूंनी हसू येतं. मुद्दाम हसण्याचा आणि आपोआप हसण्याचा मेंदूतला रस्ता वेगळा. घरच्यांना मी ते मुद्दाम दाखवते, कारण ‘तोंड वाकडं झालं’ म्हणून आरसा टाळणाऱ्या माणसाला आपलं सरळ हसू अजून आहे हे कळणं फार गरजेचं असतं.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत. त्यातले सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर आपोआप उमटतं ते, आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. जागच्या जागी थिजणं, घाम, शहारा, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं, डोळ्यांत पाणी येणं आणि शुद्ध हरपणं. एकदा पडलेल्या माणसाला मी पहिल्यांदा पुन्हा उभं करते तेव्हा यातले निम्मे माझ्या हातात असतात. ‘मी नाही घाबरत,’ असं म्हणणाऱ्याचा तळवा ओला होतो, पाय जमिनीला खिळतो. तेव्हा मी ‘चला, चला’ म्हणत नाही. ‘मी धरलंय, आपण फक्त उभं राहायचंय, चालायचं नाही,’ एवढंच सांगते आणि तळवा कोरडा व्हायची वाट बघते.

आणि तेही मला वाचत असतातच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा जरी बघितलं तरी आजी म्हणतात, ‘जा हो तुम्ही, उशीर होत असेल.’ म्हणून मी घड्याळ पाठीमागे येईल अशी बसते. उभ्यानं बोलत नाही, पलंगाच्या उंचीचं स्टूल घेते. थंडीत हात चोळून गरम केल्याशिवाय गुडघ्याला लावत नाही आणि हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगते.

ज्यांचे आई-वडील इथे आणि स्वतः पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत, त्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला फक्त चेहरा दिसतो, आणि आई तुमच्यासाठी चेहरा नीट करूनच बसलेली असते. कुणाला तरी फोन टेबलावर टेकवून ठेवायला सांगा आणि आईला म्हणा, जरा आतून चष्मा घेऊन ये. उठताना हात कुठे जातो ते बघा. चालताना दोन्ही हात सारखे हलतात का ते बघा. एका बाजूचा हात कमी हलायला लागणं ही कंपवाताची सुरुवातीची खूण असू शकते. दारात पाय अडखळतो का, वळताना किती छोटी पावलं पडतात, मागच्या महिन्यापेक्षा काही बदललंय का. शेजारणीशी तुलना करू नका, आईची तुलना आईच्याच मागच्या महिन्याशी करा. आणि तोंडाची एक बाजू एकाएकी लोंबली, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, तर ‘काही नाही गं’ ऐकत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

शेवटचं सूनबाईंबद्दल, त्या वाड्यातल्या. आजींचा व्यायाम चालू असताना त्या दाराच्या चौकटीला टेकून, एका पायावर भार टाकून, मूठ कमरेत रुतवून उभ्या असायच्या. आजींना उचलून बसवताना ओठ आवळायच्या, आणि मी बघतेय असं दिसलं की पदर सावरून हसायच्या. तुमची पाठ कशी आहे, असं विचारल्यावर काय उत्तर आलं ते तुम्हाला सांगायला नको. मी त्यांना तिथेच सतरंजीवर झोपायला लावलं. उजवा पाय उचलला आणि अर्ध्यावर श्वास अडकला. आता दर वेळी आधी त्यांचे पाठीचे व्यायाम आणि मग आजींचे, असा आमचा क्रम आहे. आजींना उचलायला चादरीची घडी कशी वापरायची ते त्यांच्या नवऱ्यालाही शिकवलंय, रात्रीची पाळी त्याच्याकडे दिलीय.